पाणी दिल्याची तक्रार

ती तक्रार आजही आठवते. चोरी, मारहाण, धमकी, फसवणूक यांपैकी तिच्यात काहीच नव्हते. आपल्या संत्रा बागेला कोणीतरी चोरून पाणी देत आहे आणि पोलिसांनी ते थांबवावे, एवढेच म्हणणे घेऊन एक बाई ठाण्यात आली होती.

ठाणे अचलपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडचे. मी तिथे ठाणेदार होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी संपली होती, बीट अंमलदार आपापल्या गावांकडे निघाले होते. ठाणे अंमलदार म्हणून बसलेला हवालदार नोकरीत मुरलेला होता. त्याने बाईचे म्हणणे ऐकले, पेन खाली ठेवले आणि म्हणाला, "ताई, पानी नेलं म्हनून उन्हाळ्यात रोज कोणी ना कोणी येते. पानी देलं म्हनून येणाऱ्या तुमी पहिल्याच."

"देलं नसतं तं बरं झालं असतं, भाऊ. लिहून घ्या," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

मी तिला आत बोलावले. वय चाळिशीच्या पुढचे. हाताच्या तळव्यांना बागेच्या कामाचे घट्टे होते. पिशवीतून तिने संत्र्याच्या दोन डहाळ्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीची पाने मलूल, कडा आत वळलेल्या. दुसरीची पाने हिरवीगार. दोन्ही तिच्याच बागेतल्या, एकाच दिवशी तोडलेल्या. तिच्या मते हिरवी डहाळी हा पुरावा होता.

मी कापसाच्या पट्ट्यातला. संत्र्याचे गणित मला तिनेच समजावून सांगितले. संत्र्याला फूल आणायचे तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. म्हणजे दीड-दोन महिने पाणी पूर्ण बंद. पाने कोमेजतात, काही गळतात, नवख्याला वाटते बाग मेली. मग ताण तोडून पाणी सोडले की झाड फुलांनी भरून जाते. मृगाच्या सुमारास येते ती फूट म्हणजे मृग बहार, तिच्या बोलीत बार. त्यासाठी एप्रिल-मे कोरडे जावे लागतात. ताण चालू असताना मधेच झाडाला पाणी मिळाले, तर त्याला पालवी येते. फूल येत नाही. वर्ष वाया जाते.

"झाड मारायचं असलं तं कुऱ्हाड लागते, साहेब," ती म्हणाली. "बार मारायचा असला तं पानी पुरते."

संशय कोणावर, असे मी विचारले. तिने नवऱ्याचे नाव सांगितले आणि लगेच पुढे म्हणाली, की डोळ्यांनी काही पाहिलेले नाही, तेव्हा तसेच लिहा.

पार्श्वभूमी अशी होती. दोघांचा परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात होता. पहिली तारीख होऊन गेली होती, दुसरीच्या आधीचे मधले महिने चालू होते. मुलगी अकोल्याला शिकत होती. तिच्याबद्दल वाद नव्हता. वाद मालमत्तेचा होता, आणि तोही कागदावर मिटलेला होता. अकोल्याचे घर आणि ही बाग दोन्ही लग्नानंतर घेतलेले, दोन्हीवर दोघांची नावे. घर, त्यावरच्या कर्जासकट, नवऱ्याकडे जायचे ठरले. बागेचे दोन सारखे वाटे. वाटे त्याने पाडले आणि आधी उचलायचा मान तिला दिला. भावाभावांत वाटणी होते तेव्हा आपल्याकडे हीच रीत आहे. नवरा-बायकोत ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिने विहिरीकडचा वाटा उचलला. विहीर तिच्याकडे गेली म्हणून फरकाची रक्कम तिने त्याला द्यायची, तीही दुसऱ्या तारखेच्या आत. देता आली नाही, तर तिचा वाटा विकून पैसे वाटून घ्यायचे. त्या रस्त्याला प्लॉट पडू लागले होते. घेणारे टपून होते.

तिच्याजवळ दुसरे उत्पन्न नव्हते. बहार फुटला की व्यापारी झाडावरचा माल बघून विसार देतात. त्या विसारातून ती फरक चुकता करणार होती. बहार गेला, तर बाग गेली. कलमे तिने स्वतः लावलेली होती.

आम्ही अदखलपात्र तक्रार नोंदवली आणि दुपारी बाग पाहायला गेलो. दोन वाट्यांच्या मधोमध नवा धुरा, म्हणजे बांध, घातलेला होता. धुऱ्याच्या एका बाजूला तिची बाग मलूल, जमीन भेगाळलेली. दुसऱ्या बाजूला त्याची बाग हिरवी, फांद्यांवर लिंबाएवढी फळे. त्याने आंबिया बहार धरला होता. तो थंडीच्या शेवटी फुलतो, आणि उन्हाळ्यात त्याच्या फळांना पाणी लागते. कोणता बहार धरायचा यावरून दोघांचे वर्षानुवर्षे पटले नव्हते. आता प्रत्येकाने आपल्या मनासारखा धरला होता.

तिची सगळीच झाडे हिरवी झालेली नव्हती. धुऱ्याला लागून असलेल्या ओळी हिरव्या, विहिरीकडे जावे तशी झाडे कोमेजलेली. खालची माती मात्र सगळीकडे सारखीच कोरडी. ओल कुठेच दिसत नव्हती. पाणी दिले असेल तर गेले कुठे, असे हवालदाराने विचारले. रात्री देत असतील आणि मेच्या उन्हात दिवसा जमीन सुकत असेल, असे बाई म्हणाली. त्या उन्हात ते अशक्य वाटले नाही.

नवऱ्याला जबाबासाठी बोलावले. अकोल्यात त्याचे बी-बियाणे आणि औषधांचे दुकान होते. आठवड्यातले दोन-तीन दिवस तो बागेत असायचा. तो आला तो स्वतःचा अर्ज घेऊनच आला. त्याच्या शेततळ्यातले पाणी चोरीला जात होते.

विहीर बायकोकडे गेल्यावर त्याने धुऱ्याजवळ शेततळे खोदले होते. आत प्लास्टिकचे अस्तर घातले होते. बोअरची धार बारीक, तळे भरायला बरेच दिवस लागायचे, आणि भरले की पाणी उतरू लागायचे. काठावर त्याने सोलरवर चालणारा कॅमेराही लावला होता. त्यात नीलगायी दिसल्या, कुत्री दिसली, माणूस दिसला नाही.

ठाण्यात आता दोन कागद होते. एकाच्या वावरातून पाणी जाते आणि दुसरीच्या वावरात पोचते. हवालदाराला प्रकरण संपल्यासारखे वाटले. बाई पाणी चोरत असणार, आणि उलट कांगावा करत असणार. मी त्याला एवढेच विचारले, की जिच्या स्वतःच्या वाट्यात विहीर आहे, तिने ताणाच्या दिवसांत पाणी चोरून आपलाच बहार का मारावा? त्याने दोन्ही कागद पुन्हा वाचायला घेतले.

नवऱ्याची चौकशी मी स्वतः केली. तुम्हीच पाणी सोडले का, असे सरळ विचारले. माणूस चिडला नाही. तो म्हणाला, "साहेब, आमचं पटलं नाई, हे खरं आहे. पन ते कलम लावलं तवा मी बी खड्डे खंदले. तिले फरक देता आला नाई, तं ते वावर मले नाई भेटत. प्लॉटवाल्याले भेटते. मी कायले मारू बार?"

मी आणखी खोदले. प्लॉटवाल्याशी त्याचे काही ठरले आहे का, बोअरची वीज कोण चालू-बंद करते, दुकानात कोण कोण आहे. त्याची उत्तरे जुळत होती. शेतीच्या विजेचे पाळीपत्रक पाहिले. त्याच्या बोअरला जेव्हा वीज होती, तेव्हा तो बहुतेक वेळा अकोल्यात होता.

टीप त्यानंतर मिळाली. परतवाड्याच्या बस स्टँडवर रसवंती चालवणारा एक इसम आमचा जुना खबऱ्या होता. उसाचा रस पिताना माणसे मोकळी बोलतात, हे त्याने फार आधी ओळखले होते. त्याने सांगितले, की बाईच्या भावाने नुकताच काळ्या पाइपाचा मोठा गुंडाळा गाडीत घालून बागेकडे नेला. शिवाय गावात चर्चा आहे, की धुऱ्याखालून पाइप पुरलेला आहे.

त्याच सुमारास तळ्याची पाहणी करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. अस्तरावर वाळलेल्या गाळाच्या पुसट रेघा होत्या. सगळ्यात खालची रेघ ठळक होती आणि पाणी आता तिथेच उभे होते. नवऱ्याला विचारले, तर म्हणाला, की दर वेळी पाणी इथवरच उतरते आणि थांबते. पुन्हा भरले की पुन्हा इथवरच. चोर पाणी नेतो, पण एका ठरावीक रेघेच्या खाली नेत नाही. हवालदार म्हणाला, पाइपाचे तोंड तेवढ्याच उंचीवर असणार. खबऱ्याची टीप आणि ही रेघ एकमेकांना धरून होत्या. त्या दिवशी मलाही तेच पटले.

भावाला अकोल्याहून बोलावले. शहराला लागून त्याची भाजीपाल्याची शेती होती, माल तो स्वतः बाजारात नेऊन विकायचा. चौकशीत तो मुळीच गडबडला नाही. पाइप नेला होता का? नेला होता. कशासाठी? बहिणीचा जुना पाइप उंदरांनी कुरतडला होता, ताण तुटायच्या वेळी नवा लागणार होता. पाइप कुठे आहे? तिच्या गोठ्यात, बांधलेलाच आहे. धुऱ्याखाली दुसरा पुरला का?

"साहेब, भाजी इकणारा मानूस आहो मी," तो म्हणाला. "चोरून पाइप पुरायचा असता, तं भर बस स्टँडवर गाडी उभी करून रस पेलो असतो का?"

हवालदाराने मान खाली घातली. तो हसत होता. आम्ही गोठा पाहिला. पाइप तिथेच होता, गुंडाळ्यावरची दोरीही सुटलेली नव्हती.

मग एकच मार्ग उरला. धुरा खणून पाहायचा. दोघांनी लेखी संमती दिली. दोन पंच घेतले. धारणीकडून संत्र्याच्या कामाला आलेले मजूर गावात होते, त्यांना लावले. तळ्यापासून थोडे अंतर सोडून, धुऱ्याच्या लांबीने चर खणायचा, म्हणजे आडवा पाइप असेल तर सापडणारच.

सकाळी काम सुरू झाले. ती धुऱ्याच्या तिच्या बाजूला उभी राहिली, तो त्याच्या बाजूला. मधे चर. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचे असले की माझ्याकडे पाहून सांगत. "त्यायले म्हना, तिकडच्या मुळ्या तुटून राह्यल्या, हळू मारा म्हना," ती म्हणायची. आणि तो तिचे वाक्य स्पष्ट ऐकू आलेले असूनही माझ्या तोंडून ऐकायची वाट पाहायचा, मग मजुरांना सांगायचा.

वरची माती दगडासारखी होती. तिच्या बाजूने आलेल्या भेगा धुऱ्याखाली शिरलेल्या दिसल्या. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. त्यांत काठी गेलेली, चप्पल अडकलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. आम्ही त्यांच्याकडे लक्षही दिले नाही. आम्ही पाइप शोधत होतो.

चर कमरेएवढा झाला. पाइप नव्हता. पंचांपैकी एकाने तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात खाली उतरलेला मजूर थांबला आणि त्याने हाताने खूण केली. मी चरात उतरलो.

वर बोटभर दिसणारी एक भेग खाली मनगट जाईल एवढी रुंद झाली होती. ती तळ्याच्या दिशेने आली होती आणि तशीच पुढे तिच्या बागेकडे गेली होती. वरच्या भागात तिच्या भिंती कोरड्या, राखाडी. त्याच भिंती खाली काळ्या आणि चकाकत्या होत्या. मी हात आत घातला. गार ओल लागली. बॅटरी लावून पाहिले, तेव्हा भेगेत पांढरे काहीतरी लोंबत होते. मला आधी सूत वाटले. ती मुळे होती. संत्र्याची कोवळी पांढरी मुळे, केसासारखी बारीक, असंख्य. जमिनीतून बाहेर निघून ती भेगेच्या मोकळ्या पोकळीत उतरली होती आणि टोकांनी ओल्या भिंतीला चिकटली होती. वर झाडाला पाणी तोडलेले होते. खाली झाड स्वतःच पाण्यापर्यंत पोचले होते.

मी एकेकाला उतरून पाहायला सांगितले. पंच उतरले, हवालदार उतरला, वर आले. तंबाखू मळणाऱ्याच्या हातात ती तशीच राहिली. नोकरीत मी बरेच काही पाहिले होते. पण दिवसाच्या लख्ख उजेडात, पायाखालच्या जमिनीत, असे काही चालू असेल याची कल्पना कधी आली नव्हती.

मग नवरा कमरेला दोर बांधून तळ्यात उतरला. गाळाच्या त्या ठळक रेघेपाशी त्याने धुऱ्याकडच्या बाजूचे अस्तर चाचपले आणि हात थांबवला. प्लास्टिक तिथे फाटलेले होते. कापलेले नव्हते, ताणून फाटलेले होते. कडा पातळ होऊन बाहेरच्या अंगाला गेल्या होत्या. मागे माती नव्हती, भेग होती.

क्रम आता स्पष्ट झाला. तिने ताण दिला म्हणून तिची जमीन वाळली. वाळली म्हणून फाकली. भेग वाढत वाढत धुऱ्याखालून तळ्याच्या भिंतीपर्यंत गेली. अस्तराला मागचा आधार राहिला नाही, पाण्याच्या भाराने ते भेगेत ओढले गेले आणि फाटले. तळे त्या फाटलेल्या जागेपर्यंत रिकामे व्हायचे आणि थांबायचे. पाणी भेगेने जाऊन तिच्या मुळांना मिळायचे. तिने जेवढा कडक ताण दिला, तेवढी वाट मोठी झाली. चोर असा कोणी नव्हताच.

चूकही अशी, की ती याच लोकांच्या हातून व्हावी. बाग एक होती तोवर बहार एक होता, कोरडे तर सगळे कोरडे, ओले तर सगळे ओले. वाटणी झाल्यावर दोघांनी एकाच काळ्या जमिनीत, मधे फक्त धुरा ठेवून, दोन वेगळे बहार धरले. सरकारी मोजणीदाराने मोजणी केली, नकाशावर रेघ मारली, दोन सातबारे होणार होते. जमिनीपर्यंत त्यातले काही पोचले नव्हते.

पंचनामा लिहिला. गुन्हा घडलेला नाही, असे दोघांना सांगितले. पोलिसांचे काम तिथे संपत होते. त्यांचे संपत नव्हते. तळे पुन्हा भरले की पाणी पुन्हा तिच्याकडे जाणार, आणि उरलेला बहारही जाणार. नाही भरले, तर त्याची फळे गळणार. अस्तर जोडून घेतले, तरी भेग मागे तशीच होती. मी कोणालाही काही आदेश देऊ शकत नव्हतो. मी तेही सांगितले.

तो तळ्याच्या काठावर ओल्या पँटने बसला होता. बराच वेळ फळांकडे पाहत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यायले म्हना, मी आता तळं भरत नाई. त्यायचा बार फुटून जाऊ द्या."

ती पाच-सहा हातांवर उभी होती. तिने ऐकले. मी तोंड उघडण्याआधीच ती मला म्हणाली, "मंग त्यायची फळं माह्यासाठी गळू देतीन का, इचारा."

"गळतीन थोडे," तो मला म्हणाला.

ती विहिरीकडे हात करून म्हणाली, "माह्या विहिरीचं पानी ताण तुटेपर्यंत मले लागत नाई. गोठ्यात पाइप पडला आहे. नेऊन लावा म्हना त्यायले."

तो काठावरून उठला. हवालदार मात्र न राहवून म्हणाला, "ताई, साहेब आता घरी जातीन. उद्यापासून तुमचे निरोप कोण पोचवीन?"

ती पहिल्यांदा हसली. नवऱ्याकडे न पाहताच, पण त्याला ऐकू जाईल असे म्हणाली, "मोटर सकाऊन लावजा. दुपारी व्होल्टेज नसते." त्याने मान हलवली आणि गोठ्याकडे निघाला.

मला तेव्हा कळले, की मृगाला जेव्हा पाणी नको असते तेव्हाच आंबियाला ते हवे असते. ज्या मुद्द्यावर त्यांचे इतकी वर्षे पटले नव्हते, त्याच मुद्द्यामुळे एक विहीर दोघांना पुरत होती. संसारात ते त्यांना दिसले नव्हते. वाटणी झाल्यावर, चर खणल्यावर दिसले.

जूनमध्ये तिने ताण तोडला. पुढे एका बंदोबस्ताहून परतताना मी त्या रस्त्याने आलो. बाग दिसायच्या आधी वास आला. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी आला. चालकाने न सांगता गाडी थांबवली. जी झाडे महिन्यापूर्वी मेल्यासारखी दिसत होती, त्यांवर पानापेक्षा फूल जास्त होते. फांद्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि सगळ्या बागेत मधमाश्यांचा एकच सलग आवाज होता. फक्त धुऱ्याला लागलेल्या ओळी गर्द हिरव्या होत्या, त्यांवर एकही फूल नव्हते. पाणी जमिनीखाली कुठवर गेले होते, हे त्या हिरव्या पट्ट्यावरून वरूनच वाचता येत होते. इतका अचूक नकाशा मी कोणत्याही मोजणीत पाहिलेला नाही.

व्यापाऱ्याचा विसार आला. दुसऱ्या तारखेच्या आत तिने फरक भरला. न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला. ते पुन्हा एकत्र आले नाहीत. तसे घडावे असे त्या दोघांपैकी कोणाला वाटत होते, याची मला खूण दिसली नाही.

पोलिसाला तक्रार आली की तो आधी माणूस शोधतो. कोणाचा फायदा, कोणाचा राग, कोण कुठे होते. बहुतेक वेळा ते बरोबरच ठरते. या प्रकरणाने मला आधी जागा पाहायला शिकवले. दोन माणसे एकमेकांवर बोट दाखवत असतात, तेव्हा ती कशावर उभी आहेत ते पाहावे.

निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात मी पुन्हा तिकडे गेलो होतो. त्याने तळे बुजवून वावराच्या दुसऱ्या टोकाला नवे खोदले होते. तिच्या बाजूची झाडे पुन्हा ताणावर होती, मलूल, पाने वळलेली. धुऱ्यावर गवत माजले होते. त्या गवतातून एक काळा पाइप तिच्या विहिरीकडून त्याच्या वाट्यात गेला होता. मी हात लावून पाहिला. पाइप गार होता आणि आतून पाणी वाहत होते.